स्वल्पविरामावर स्प्लिट मारणं एवढं पाप आहे का?

पेढीचा_संगणकवाला
सांगलीत मार्केट यार्डात एका अडत पेढीचं पट्ट्यांचं (शेतकऱ्याला देतो त्या विक्रीच्या हिशेबाचं) सॉफ्टवेअर मी सांभाळतो. दिवाणजी एक्सेलमध्ये सौदे भरतात, सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामानं वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) काढतात आणि माझा जावा प्रोग्रॅम एकेक ओळ स्प्लिट(",") करून, म्हणजे स्वल्पविरामावर तोडून, पट्टी छापतो. आठ रकाने: वक्कल नंबर (मालाच्या लॉटचा), नाव, गाव, वाण, पोती, क्विंटल, दर, शेरा. दोन वर्षं बिनबोभाट चाललं.

मागच्या महिन्यात एका शेतकऱ्याची राजापुरी हळद, 14 पोती, 7.20 क्विंटल, दर 13,500. पट्टी यायला हवी 97,200 रुपयांची. आली 100 रुपये 80 पैशांची! दिवाणजींनी गावाच्या रकान्यात "सावळज, ता. तासगाव" लिहिलं होतं. त्या स्वल्पविरामानं पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकले, पोत्यांचा आकडा क्विंटलमध्ये बसला, क्विंटल दरात. 14 गुणिले 7.20. पोत्यांच्या जागी "राजापुरी" छापलेलं होतं, ते वेगळंच.

आता जो तो म्हणतोय, स्प्लिट काढून टाक आणि पार्सर (सीएसव्हीचे नियम जाणून फाइल वाचणारा प्रोग्रॅम) घाल. माझं म्हणणं, फाइल आपल्या घरची, भरणारा माणूस आपला. दिवाणजींना "गावात स्वल्पविराम नको" एवढं सांगितलं की झालं. आठपेक्षा जास्त तुकडे आले तर प्रोग्रॅम थांबेल, अशी तपासणीही घातलीय. त्यासाठी अख्खी लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) कशाला?

कृष्णाकाठ
दिवाणजींना काय सांगणार, पत्ता कसा लिहायचा ते? "सावळज, ता. तासगाव" हेच बरोबर मराठी आहे. चूक तुझी आहे.

त्यातून एक्सेलनं आपलं काम चोख केलं होतं. मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघ, तो रकाना दुहेरी अवतरणात असणार. आरएफसी 4180 मध्ये (सीएसव्हीचे नियम सांगणारा इंटरनेटचा दस्तऐवज) 2005 सालीच लिहून ठेवलंय: रकान्यात स्वल्पविराम असेल तर रकाना अवतरणात घाला, आणि आत अवतरणचिन्ह आलं तर ते दोनदा लिहा. तुझ्या स्प्लिटला अवतरण कळतच नाही. सीएसव्ही म्हणजे "स्वल्पविरामावर तोडलेली ओळ" नव्हे. अवतरणातल्या रकान्यात नवी ओळसुद्धा येऊ शकते, म्हणजे "एक ओळ म्हणजे एक नोंद" हेही धरून चालता येत नाही.

पेढीचा_संगणकवाला
बघितलं. अवतरणं आहेत. पट्टीवर गावाच्या आधी एक चिन्ह छापलं होतं, मला वाटलं प्रिंटरचा डाग.

मिरज_जंक्शन
😂😂

तासगावचा_बेदाणा
मी धागाकर्त्याच्या बाजूनं. पायथनमध्ये सीएसव्ही मॉड्यूल भाषेसोबतच येतं, तिथं वाद नाही, तेच वापरा. पण जावाच्या स्वतःच्या संचात सीएसव्हीचा पार्सर नाही, बाहेरची जार फाइल (जावा लायब्ररीची फाइल) आणावी लागते आणि ती पुढं सांभाळावी लागते. आठ रकान्यांच्या फाइलसाठी हे कुणी करायचं? विभाजक (रकाने वेगळे करणारं चिन्ह) बदला. स्वल्पविराम गावाच्या नावात येतो, उभी रेघ (पाइप, |) येत नाही. पाइप घाला आणि सुखी व्हा.

रात्रपाळी
हा सल्ला ऐकून मी एकदा जावामध्ये स्प्लिट("|") लिहिलं होतं. प्रत्येक अक्षर सुटं झालं! जावाचं स्प्लिट विभाजक म्हणून रेगेक्स (मजकुराचा नमुना सांगायची सांकेतिक भाषा) घेतं, आणि रेगेक्समध्ये उभी रेघ म्हणजे "हे किंवा ते". दोन्ही बाजूंना काहीच नाही, म्हणजे रिकाम्यावर तोड. पूर्णविरामावर तोडायला जा, हाती शून्य तुकडे येतात, कारण तिथं पूर्णविराम म्हणजे "कुठलंही अक्षर". चिन्ह जसंच्या तसं धरायला पॅटर्न.कोट वापरायला लागतं.

आणि मराठी कीबोर्डावर कुणी पाइपऐवजी दंड (।) टाइप केला तर? दिसायला दोन्ही उभ्या रेघा, संगणकाला मात्र दोन वेगळी चिन्हं.

जुना_सीवाला
तुमचं स्प्लिट तरी बरं. आम्ही सी मध्ये एसटीआरटॉक (strtok, तिथलं तोडायचं फंक्शन) वापरलंय. ते मूळ मजकुरातच विभाजकाच्या जागी शून्य (मजकूर संपल्याची खूण) ठोकत जातं, काम झाल्यावर मूळ ओळ परत मिळत नाही. दोन स्वल्पविराम लागून आले की एकच धरतं, म्हणजे रिकामा रकाना गायब.

खरं तर यासाठी चिन्हं पहिल्यापासून आहेत. आस्कीमध्ये (अक्षरांना आकडी संकेत देणारी जुनी पद्धत) 28 ते 31 हे चार संकेत विभाजकांसाठीच राखलेले. 31 रकान्याला, 30 नोंदीला. कुणाच्या गावाच्या नावात येणार नाहीत.

तासगावचा_बेदाणा
काका, ते चिन्ह दिवाणजी एक्सेलमधून काढणार कसं? ना कीबोर्डावर आहे, ना डोळ्याला दिसतं.

जुना_सीवाला
हो, म्हणून तर कुणी वापरत नाही.

विश्रामबाग_वसतिगृह
विद्यार्थी आहे, थोडं अवांतर. पायथनमध्ये कंसात काही न देता स्प्लिट केलं तर मधल्या कितीही मोकळ्या जागा एकच धरल्या जातात. कंसात एक मोकळी जागा दिली की दोन जागांच्या मध्ये रिकामा तुकडा येतो. तोंडी परीक्षेत माझे यावर गुण गेलेत.

स्प्लिटला कुठं थांबायचं ते सांगणाऱ्या मर्यादेच्या आकड्याचा अर्थही भाषेगणिक बदलतो. पायथनमध्ये 2 दिलं तर दोनदा तोडतो, म्हणजे तीन तुकडे. जावामध्ये दोनच तुकडे, पण दुसऱ्यात उरलेलं सगळं. जावास्क्रिप्ट दोन तुकडे देतं आणि उरलेलं सरळ फेकून देतं.

मिरज_जंक्शन
जावास्क्रिप्टमध्ये "सांगली" रिकाम्या विभाजकावर तोडून बघा. सहा तुकडे येतात, काना, अनुस्वार, वेलांटी सगळं सुटं. आपल्याला तीनच अक्षरं दिसतात. तीन हवी असतील तर दिसणाऱ्या अक्षरांनुसार तोडणारं इंटल.सेग्मेंटर.

रात्रपाळी
मूळ मुद्द्यावर येऊ. धागाकर्त्या, तुझी तपासणी "आठपेक्षा जास्त" अशीच का? "बरोबर आठ" का नाही?

पेढीचा_संगणकवाला
शेरा बहुतेक वेळा रिकामा असतो. तेव्हा सातच तुकडे येतात. म्हणून सात आणि आठ दोन्ही चालवतो.

रात्रपाळी
मग फसलास. सात येतात कारण जावा शेवटचे रिकामे तुकडे आपणहून टाकून देतं. आता गावात स्वल्पविराम असलेली आणि शेरा रिकामा असलेली ओळ घे. खरे तुकडे नऊ, शेवटचा रिकामा म्हणून गळला, उरले आठ. तुझी तपासणी हसत पुढं जाऊ देणार. त्या सावळजच्या ओळीत शेरा होता का?

पेढीचा_संगणकवाला
होता. "ओली" लिहिलं होतं.

रात्रपाळी
म्हणजे आज तीच ओळ शेऱ्याविना आली तर परत शंभर रुपयांची पट्टी. स्प्लिटमध्ये दुसरा आकडा उणे 1 दे, म्हणजे रिकामे तुकडे राहतात. मग "बरोबर आठ" म्हणता येईल.

कृष्णाकाठ
आणि आठ नसले की प्रोग्रॅम थांबणार, सौदे चालू असताना, दारात शेतकरी उभा असताना. पार्सर असता तर थांबायची वेळच आली नसती. ठिगळावर ठिगळ लावताय.

तासगावचा_बेदाणा
थांबलेला प्रोग्रॅम चुकीच्या पट्टीपेक्षा बरा.

पेढीचा_संगणकवाला
उणे 1 टाकून चालू हंगामाच्या सगळ्या फाइली पुन्हा चालवल्या. सावळजची सोडून अशा आणखी दोन ओळी सापडल्या, दोन्हीत शेरा रिकामा. पण कुणाचीच तक्रार आली नव्हती, म्हणून दिवाणजींना फोन केला. म्हणाले, "हो की, त्या दोन पट्ट्या काहीतरीच आल्या होत्या. मी हातानंच करून दिल्या. तुम्हाला कशाला उगाच त्रास."

जार फाइल उतरवून घेतोय.