येरळवाडी-मायणी तलाव: जानेवारीत कुठून बघायचं? कायाक चालेल का?

कृष्णाकाठ: सांगलीहून विटा-मायणीमार्गे सातारा जिल्ह्यातल्या येरळवाडीला यायचंय. सोबत दोन लहान मुलं. रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) बघायचेत. किती वाजता पोहोचावं, कोणता काठ बरा? हवा भरायची कायाक (वल्ह्याची छोटी होडी) आणली तर चालेल का?

माळरान: कायाक आणूच नका. मायणी परिसर २०२१ साली पक्षी संवर्धन राखीव जाहीर झालाय, पण नियम बाजूला ठेवला तरी कारण साधं आहे. कादंब रात्री-पहाटे हरभऱ्या-गव्हाच्या रानात चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात. होडी शिरली की अख्खा थवा उठतो, आणि हिमालय ओलांडून आलेल्या पाखरांची विश्रांती मोडते.

उजाडायच्या आत पूर्व काठाला थांबा, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. दहानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मग भारी दुर्बिणीतूनही लांबचा पक्षी ओळखणं अवघड.

शेकाट्या: रोहित मात्र गृहीत धरू नका. ते उभे राहून, मान खाली घालून, उलट्या चोचीनं गाळपाणी गाळतात. त्यांना गुडघाभर पाणी लागतं. तलाव तुडुंब असला की अशी जागा फार थोडी उरते. काठाचा उतार २०० फुटाला १ फूट धरला, तर पाणी एक इंच उतरताच सोळा-सतरा फूट जमीन उघडी पडते. म्हणून गेल्या आठवड्यातल्या फोटोतली जागा शोधत बसू नका, पाण्याची कड कुठवर सरकलीय ते बघा.

कृष्णाकाठ: कायाक रद्द. मुलं काठापर्यंत गेली तर?

माळरान: बांधावरच थांबवा. उघड्या पडलेल्या तळावर वरचा थर भेगाळून वाळलेला दिसतो, खाली लगदा असतो. तुम्ही पुढं गेलात तर काठी टोचत चाला. वीतभर आत गेली की मागं फिरा. पाय रुतलाच तर सरळ वर ओढू नका, तळव्याखाली पोकळी होऊन तो आणखी घट्ट धरला जातो. वजन मागं टाकून बसा, घोटा डावी-उजवीकडं हलवत हवा आत शिरू द्या, मग टाच आधी काढा. गाळपेर (पाणी ओसरलेल्या गाळात केलेली पेरणी) केलेली असेल तर तिथून मुळीच जाऊ नका, ते कुणाचं तरी पीक आहे.

शेकाट्या: मुलांसाठी तलावामागचा माळ बघा. चंडोल हमखास, धाविक (माळावर पळणारा पक्षी) नशिबानं. गाडीतच बसून बघा, उतरलात की धाविक पळालाच.