के-पॉपमधला खरा अन्याय तालमीत नाही, हिशेबात आहे: आपले मत काय?

हान नदीकाठी (धाग्याची सुरुवात)

बीटीएस या कोरियन गायक-गटाला घडवणाऱ्या हाइब कंपनीने २०२५ मध्ये मुंबईत आपली शाखा सुरू केली आणि आपल्याकडेही के-पॉपच्या, म्हणजे कोरियन पॉप संगीताच्या, प्रशिक्षणाविषयी उत्साहाने बोलले जाऊ लागले. सोलमधल्या एका लहान मनोरंजन कंपनीच्या परदेश विभागात मी काही वर्षे काम केले आहे. तालीम कठोर असते, आहारावर नजर असते, पण माझ्या मते या उद्योगातला मोठा अन्याय तिथे नसून हिशेबाच्या कागदावर आहे.

आमच्याकडे प्रत्येक कलाकाराला ठरावीक मुदतीने एक विवरणपत्र मिळे. एका बाजूला जाहिरातींचे आणि कार्यक्रमांचे उत्पन्न, दुसऱ्या बाजूला चित्रफितीचा खर्च, वेशभूषा, केशरचना, गाडीचे इंधन, एवढेच काय, राहत्या खोलीचे भाडेसुद्धा. आणि तळाशी उणे चिन्हासह एक रक्कम, जी नवा अल्बम निघाला की आणखी वाढे, कारण त्याचाही खर्च तिथेच चढवला जाई. मूळ पावत्या कोणी मागितल्या की व्यवस्थापकाच्या कपाळावर आठ्या पडत, म्हणून बहुतेक मुली मुकाट्याने सही करून कागद परत देत. ऊसतोड मजुराची उचल हंगाम संपला तरी फिटत नाही, तशीच ही बाकी.

आता दुसरी बाजू पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूजीन्स या गटातल्या हानी या गायिकेने कामाच्या ठिकाणी मिळालेल्या वागणुकीबद्दल कोरियाच्या संसदीय समितीपुढे साक्ष दिली, आणि पुढच्याच महिन्यात कामगार मंत्रालयाने तिच्याबाबतची तक्रार ती कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कामगार नाही म्हणून निकाली काढली. खर्च सोसायचा तेव्हा कलाकार भागीदार, आणि दाद मागायची तेव्हा तो कामगारही नाही, ही सोय मला अजिबात मान्य नाही.

नफातोटा

आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे, परंतु उचलीची तुलना पटत नाही. मजुराला उचल फेडावीच लागते. इथे गट चालला नाही आणि कराराची मुदत संपली, तर उरलेला तोटा सहसा कंपनीच्याच गळ्यात राहतो. वर्षानुवर्षे गाण्याचे, नृत्याचे आणि भाषेचे शिक्षक नेमायचे आणि बहुतेक गट नफ्यापर्यंत पोहोचणारच नाहीत हे ठाऊक असूनही पैसा ओतायचा, ही जोखीम दुसरे कोण उचलते?

शिवाय ही व्यवस्था सुधारत आली आहे. टीव्हीएक्सक्यू या गटातल्या तिघांनी २००९ मध्ये एसएम कंपनीच्या १३ वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि त्यांना अंतरिम दिलासा मिळाला. त्याच वर्षी तिथल्या व्यापार आयोगाने सात वर्षांची मर्यादा घालणारा नमुना करार आणला. ब्लॅकपिंक या गटाच्या चौघींनी तर २०२३ च्या अखेरीस गटापुरता करार वायजी कंपनीकडे ठेवला आणि एकल कामासाठी आपापल्या वेगळ्या वाटा धरल्या.

हान नदीकाठी

ब्लॅकपिंकचे उदाहरण जिंकलेल्यांचे आहे आणि मी लिहिते आहे ते उण्यात अडकलेल्यांबद्दल. फिफ्टी फिफ्टी या चौघींच्या गटाचे गाणे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या वीसांत पोहोचले होते, तरीही काही महिन्यांतच त्या चौघींना हिशेब पारदर्शक नसल्याची तक्रार घेऊन न्यायालयात जावे लागले.

नफातोटा

आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला, हेही सांगायला हवे. चौघींपैकी एकजण त्यानंतर त्याच कंपनीकडे परतली.

रेणुका के.

आपण दोघेही कलाकार आणि कंपनी यांच्यातच अडकला आहात. हिशेबाच्या मुळाशी विक्रीची पद्धत आहे. अल्बमच्या पाकिटात कोणाचे छायाचित्र निघेल हे आधी कळू द्यायचे नाही, आणि स्वाक्षरी-भेटीची सोडत जितके अल्बम घ्याल तितक्या चिठ्ठ्यांची ठेवायची. मग एकच चाहती तीच तबकडी खोकी भरभरून घेते. २०२४ च्या वसंतात टोकियोच्या शिबुया भागात सेव्हन्टीन या गटाच्या अल्बमांचे ढीग रस्त्यावर टाकून दिलेले सापडले, ते याचमुळे. एवढा पैसा ओतल्यावर चाहत्यांना कलाकारावर मालकी वाटू लागते. एस्पा या गटातल्या करीनाला त्याच वर्षी मार्चमध्ये केवळ प्रेमसंबंध उघड झाले म्हणून हाताने माफीपत्र लिहावे लागले, हे मला विवरणपत्रातल्या उण्याहून अधिक लाजिरवाणे वाटते.

हान नदीकाठी

रेणुकाताई, सोडतीबद्दल पूर्ण सहमत आहे. मात्र ती बंद झाली तरी खर्चाची पावती दाखवण्याचे बंधन आपोआप येणार नाही. माझी मागणी साधी आहे: कलाकाराच्या नावे चढवायच्या खर्चाला करारातच कमाल मर्यादा असावी आणि हिशेब बाहेरच्या लेखापरीक्षकाने तपासावेत.

नफातोटा

लेखापरीक्षक मान्य, मर्यादा अमान्य. कारण मर्यादा आली की कंपन्या महागड्या चित्रफिती थांबवतील आणि लहान कंपनीतून पुढे येण्याची जी थोडी संधी आहे तीही जाईल. मुंबईपुरते मात्र वेगळे सांगतो. आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. राजराणी विरुद्ध प्रेम अदीब या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९४९ मध्ये असे ठरवले की अल्पवयीन मुलीसाठी वडिलांनी निर्मात्याशी केलेल्या चित्रपट-कराराच्या आधारे तिला नुकसानभरपाई मागता येणार नाही. म्हणजे इथे ती मुलगी बांधली गेली नाही हे खरे, पण तिच्या हाती पैसाही आला नाही. त्यापेक्षा कोरियाचा नमुना करार, त्यातल्या सगळ्या त्रुटींसह, मला बरा वाटतो, आणि आपल्याकडे तसा काही नसताना पालकांनी मुलांना निवडचाचणीला पाठवू नये असे माझे मत आहे.