मदत हवी आहे: आफ्रिकेत देश नक्की किती? आणि तो पांढरा तुकडा कोणाचा?

सुदामानगरची सूनबाई:
नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे, सोमवारी तिला आफ्रिकेचा नकाशा रंगवून न्यायचाय. घरात सासऱ्यांचा १९९५चा भिंतीवरचा नकाशा आहे, कापडावर चिकटवलेला, नेमका काँगोवर घडी पडून फाटलेला. त्यात मोजले तर ५३ देश. खजुरी बाजारातून नवा आणला, त्यात ५४. नेटवर एके ठिकाणी ५५! कोणता आकडा लिहायचा?

दुसरं, इजिप्त आणि सुदानच्या मध्ये नव्या नकाशात एक तुकडा पांढराच सोडलाय. लेकीनं तो सुदानच्या पिवळ्यात रंगवून टाकला, तोही स्केचपेननं. आणि नामिबियाला उजवीकडे ते शेपूट कसलं? सासरे म्हणतात छपाईची चूक. त्यांच्यासमोर पुराव्याशिवाय बोलायची सोय नाही.

छप्पनकर:
५४ लिहा. २०११च्या जुलैत दक्षिण सुदान वेगळा झाला, म्हणून जुन्या नकाशात एक कमी. ५५ म्हणजे आफ्रिकन युनियनचे सदस्य. त्यांनी पश्चिम सहाराच्या सहरावी प्रजासत्ताकालाही घेतलंय, संयुक्त राष्ट्रांनी नाही. तिथला बराचसा भाग मोरोक्कोच्या ताब्यात आहे.

शेपटाचं नाव कॅप्रिव्ही पट्टी. छपाई बरोबर आहे, चूक जर्मनांची. १८९०मध्ये त्यांनी ब्रिटिशांशी करार करून ती मिळवली. नामिबिया तेव्हा जर्मनांकडे होता, त्यांना झांबेझी नदीपर्यंत पोचून पुढे हिंदी महासागर गाठायचा होता. पण वाटेत व्हिक्टोरिया धबधबा! होडी काय कड्यावरून खाली सोडणार? कॅप्रिव्ही हे त्या वेळच्या जर्मन चॅन्सेलरचं आडनाव. सासऱ्यांना एवढं पुरेल.

देवासचा पाहुणा:
पांढऱ्या तुकड्याचं नाव बीर तवील. १८९९मध्ये ब्रिटिशांनी २२ अंश अक्षांशावर सरळ रेघ मारली. १९०२मध्ये कारभाराच्या सोयीसाठी दुसरी, वाकडी रेघ आखली: समुद्राकाठचा हलाइब सुदानच्या कारभारात, बीर तवील इजिप्तच्या. आता दोघांनाही हलाइब हवाय. इजिप्त म्हणतो सरळ रेघ खरी, सुदान म्हणतो वाकडी. ज्या रेघेनं हलाइब मिळतो, तिनंच बीर तवील समोरच्याकडे जातो, म्हणून त्याच्यावर कोणीच हक्क सांगत नाही. सुमारे २,००० चौरस किलोमीटर वाळवंट, बेवारस. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदलेल्या आम्हा देवासकरांना हे भारी गमतीचं वाटतं.

तेव्हा पिवळ्यावर पांढरा कागद चिकटवा. हलाइबवर तिरक्या रेघा मारा, वादग्रस्त म्हणून.

सुदामानगरची सूनबाई:
आभार! कागद चिकटवला, जरा फुगलाय, पण चालेल. सासऱ्यांना धबधब्याचं वाचून दाखवलं. "हं" म्हणाले आणि चष्मा लावून जुन्या नकाशात झांबेझी शोधायला बसले. अजून एक: लेकीनं स्वाझीलँड लिहिलंय, तेही बदलायचं का?

छप्पनकर:
हो. २०१८पासून एस्वातिनी. आणि लेसोथो विसरू नका, तो दक्षिण आफ्रिकेच्या पोटात आहे, मुलं हमखास त्याच्यावरून रंग फिरवतात.

सुदामानगरची सूनबाई:
फिरवलाय. अजून एक कागद कापते.