मदत हवी आहे: पाठीत भूल दिल्यावर आबांचं बीपी पडलं होतं, आता दुसऱ्या ऑपरेशनआधी गोळ्यांचं काय करायचं?

कोल्हापूरहून लिहितोय. आबा ६८ वर्षांचे, सगळी हयात मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर गेली. गेल्या वर्षी उजवीकडच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं, आता डावीकडे निघालाय. तारीख पंधरा दिवसांवर आहे.

मागच्या वेळी हॉस्पिटलनं सांगितलं, रात्री नऊनंतर पाणीसुद्धा नाही. नंबर लागला दुपारी दीडला! गोळ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आबा एकवेळ जेवण चुकवतील, गोळी नाही, त्यामुळे पहाटे घोटभर पाण्याबरोबर बीपीच्या टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल दोन्ही घेतल्या. पाठीत इंजेक्शन दिलं आणि पाचेक मिनिटांत पोटात ढवळलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी. कागदावर लिहिलंय: १४८/८६ वरून ७८/४४, मेफेंटरमीन (बीपी वर आणणारं इंजेक्शन) दोनदा. पुढचं सगळं नीट पार पडलं, पण आबा अजून सांगतात, "अंबाबाईच्या पायापतूर जाऊन आलो."

आता त्यांचा हट्ट, पाठीत सुई नको, पूर्ण भूल द्या. चुलतभाऊ म्हणतो दोन्ही गोळ्या दोन दिवस बंद करा. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे. कुणाचं ऐकू?

उत्तर (मी भूलतज्ज्ञ आहे):
चुलतभावाचं नको. दोन्ही गोळ्या एका तागडीत घालू नका.

पाठीतल्या भुलीनं कमरेखालची संवेदना जाते, तशा रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या सिम्पथेटिक नसाही झोपतात. वाहिन्या सैल पडल्या की रक्त पायांत आणि पोटात साठतं, हृदयाकडे कमी परततं. एरवी शरीर नाडी वाढवून आणि अँजिओटेन्सिन या संप्रेरकानं वाहिन्या आवळून सावरतं. मेटोप्रोलॉल नाडीला लगाम घालते, टेल्मिसार्टन दुसरी वाट अडवते. त्यात आबा साडेसोळा तास जवळपास कोरडे.

म्हणून आमच्यापैकी बरेचजण टेल्मिसार्टन २४ तास आधी थांबवतात. मेटोप्रोलॉल मात्र रोज घेणाऱ्याची अचानक तोडायची नसते. नाडी उसळते, हृदयावर ताण येतो. ती सहसा त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर देतात. तरी आबांच्या गोळ्यांचा निर्णय त्यांना तपासणारे भूलतज्ज्ञच घेतील. तो जुना कागद त्यांच्या हातात द्या, तोंडी सांगून भागवू नका.

आणि पूर्ण भूल म्हणजे सुटका नव्हे. त्यात देतात त्या प्रोपोफॉल या औषधानंही बीपी उतरतं. हर्निया लहान असेल तर फक्त जागा बधिर करूनही उघडं ऑपरेशन होतं, सर्जनना विचारा. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं.

धागाकर्ता:
आभार डॉक्टर. कागद झेरॉक्स काढून फाईलला लावला. जागा बधिर करायचं आबांना एकदम पटलंय. फक्त विचारतायत, सकाळचा चहा चालेल का?

उत्तर:
कोरा, दोन तास आधीपर्यंत. दुधाचा असेल तर सहा तास आधी, म्हणजे मध्यरात्री उठून प्यायची तयारी ठेवा म्हणावं.