सात सीटर जुनी गाडी हवी आहे: पोरं पाच, बजेट सहा हजार

तृप्ती, स्लाव
मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

गाडीचा सल्ला हवा आहे. आमची तीन पोरं: आठ वर्षं, पाच वर्षं आणि दहा महिने. रविवारी हाउन्स्लोला मराठी शाळेत शेजारची दोघंही (वय नऊ आणि सात) आमच्याबरोबर असतात, कारण त्यांच्या आईची रविवारी ड्युटी असते. सध्या एक तर आम्ही दोन गाड्या काढतो, नाहीतर नवरा दोन फेऱ्या मारतो. ऑक्टोबरात सासूबाई येताहेत. म्हणजे चालवणारा, सासूबाई आणि पाच पोरं, सातही जागा भरल्या.

सहा हजार पौंडांच्या वर जायचं नाही आणि कर्ज काढायचं नाही. ऑटोमॅटिक असली तर बरं, पण अट नाही. जाहिरातींत डिझेलच जास्त दिसतात आणि त्याच किमतीत जरा नव्या मिळतात. घ्यावी का?

तृप्ती


मंदार, क्रॉयडन
मंगळवार, रात्री ११:१५

डिझेल नको. कारणं दोन.

एक, यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून रोजचे पैसे घेणारी लंडनची हद्द. तुम्ही स्लावला त्या हद्दीबाहेर आहात, पण हाउन्स्लो आत आहे आणि हीथ्रोसुद्धा. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो त्यात आले. डिझेल युरो ६ या धुराच्या मानकाची नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड. ढोबळ मानानं सप्टेंबर २०१५ नंतरची डिझेल चालते. पेट्रोल युरो ४ असली तरी पुरते, म्हणजे २००६ पासूनच्या बहुतेक गाड्या सुटतात. टीएफएलच्या (लंडनच्या वाहतूक खात्याच्या) साइटवर नुसता गाडीचा नंबर टाकला की कळतं, विक्रेत्याच्या ‘हो हो, यूलेझ फ्री आहे’वर जाऊ नका. दर रविवारी शाळेसाठी साडेबारा पौंड भरणार का? ते विसरलात तर १८० पौंडांचा दंड, लवकर भरला तर ९०.

दोन, डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. आमच्याकडे डिझेल सात सीटर होती, कंपनीचं नाव घेत नाही. रोजचा प्रवास काय, तर शाळा, टेस्को, घर. एवढ्याशा फेरीत एक्झॉस्ट पुरेसा तापतच नाही, मग फिल्टरमधली काजळी जळत नाही, साठत जाते आणि एक दिवस डॅशबोर्डवर दिवा लागतो. मी रात्री जेवण झाल्यावर एम२५ वर गाडी नुसती पळवायला न्यायचो. बायको म्हणायची, कुत्रा पाळला असता तर निदान आपलं चालणं तरी झालं असतं.

मंदार


विश्वासकाका, हॅरो
बुधवार, सकाळी ६:०५

चि. तृप्ती,

मंदारनं लिहिलंय ते बरोबर आहे. तुझा प्रवास शहरातला आहे, पेट्रोल घे. डिझेल घ्यायची तर रोज मोटरवेवर जाणाऱ्यानं घ्यावी.

तू सहा हजारांत काय मिळतं ते पाहते आहेस. मी म्हणतो, साडेपाच हजारांची गाडी बघ आणि पाचशे बाजूला ठेव. दहा-बारा वर्षांची गाडी घरी आली की टायर, ब्रेक, बॅटरी यांतलं काहीतरी पहिल्या दोन महिन्यांत मागतेच.

आता गाड्या. टोयोटा व्हर्सो, १.८ पेट्रोल: दिसायला काही नाही, चालवायला काही नाही, पण बिघडायलाही फारसं काही नाही. इंजिनाच्या टायमिंगला बदलावा लागणारा पट्टा नाही, चेन आहे. मधल्या ओळीत तीन वेगवेगळ्या सीटा, पुढेमागे सरकणाऱ्या. मागची ओळ मोठ्या माणसाच्या कामाची नाही, पण तुझी प्रवासीमंडळी अजून लहान आहेत. माझ्या मते हीच पहिली बघ.

माझ्दा ५ ला सरकते दरवाजे. सुपरमार्केटच्या चिंचोळ्या पार्किंगमध्ये पोरांनी दार शेजारच्या गाडीवर आपटायची भीती नाही. मधल्या दोन सीटांमधून मुलं चालत मागे जातात, हे फार सोयीचं. पण मधलं सातवं आसन नावापुरतं आहे, ती गाडी सहा जणांची समज. सासूबाई आल्या की कुणाला तरी उतरावं लागेल. शिवाय मागच्या चाकांच्या कमानी आणि दाराखालची पट्टी गंजलेली नाही ना, ते बोटानं दाबून बघायचं.

सिट्रोएन ग्रँड सी४ पिकासोला मधल्या तिन्ही सीटांना आयसोफिक्स आहे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायची सोय. लहान पोरांच्या घराला ही मोठीच गोष्ट. मात्र अलीकडची १.२ प्युअरटेक पेट्रोल बघत असशील तर थांब. त्या इंजिनाचा टायमिंगचा पट्टा तेलात बुडून फिरतो, झिजला की त्याचा भुगा तेलात उतरतो. कंपनीनं पुढे त्याची वॉरंटी वाढवली, पण अटींसकट. तेल वेळच्या वेळी बदलल्याच्या पावत्या नसतील तर मी तिला हात लावणार नाही.

फोर्ड एस-मॅक्स, गॅलक्सी, सेआट अलाम्ब्रा या खऱ्या मोठ्या गाड्या. अलाम्ब्राला सरकते दरवाजेही आहेत. पण तुझ्या पैशांत मिळतील त्या बहुतेक जुन्या डिझेल, म्हणजे पुन्हा साडेबारा पौंड. व्हॉक्सॉल झाफिरा बी स्वस्त मिळते. हीटरच्या भागातून आगी लागल्यामुळे कंपनीनं २०१५ मध्ये दोन लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या आणि २०१६ मध्ये पुन्हा. काम झालंय की नाही हे नंबरावरून सरकारी साइटवर दिसतं. झालं असेल तर गाडी वाईट नाही, पण माझं मन धजत नाही.

प्रियस प्लसचा मोह होईल. हायब्रिड, ऑटोमॅटिक, पेट्रोलचा खर्च कमी. पण लंडनच्या आसपासच्या कितीतरी प्रियस प्लस मिनीकॅब म्हणून राबलेल्या आहेत. विकणारा ‘फॅमिली कार’ म्हणतो. तू गव्हडॉटयूके या सरकारी साइटवर एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास उघड. फुकट आहे, नुसता नंबर लागतो. वर्षाला एकाऐवजी दोन एमओटी दिसल्या आणि मैल वर्षाला तीस-चाळीस हजारांनी उडी मारताहेत, की समजायचं ती टॅक्सी होती. टॅक्सी होती म्हणून लगेच वाईट असं नव्हे, पण मग किंमतही टॅक्सीचीच द्यायची.

तोच इतिहास इतर गाड्यांचाही वाचायचा. पास-नापास याच्याकडे कमी बघ, खालच्या ‘अॅडव्हायजरी’, म्हणजे तपासणाऱ्यानं दिलेले इशारे, बघ. टायर झिजलेत असं एका वर्षी लिहिलंय आणि पुढच्या वर्षीही तेच, म्हणजे मालक पैसे खर्च करत नव्हता. ‘करोजन’ (गंज) हा शब्द दरवर्षी आणि दरवर्षी जरा जास्त गंभीर, तर सोडून दे.

बघायला जाशील तेव्हा आधी फोन करून सांग, इंजिन गरम करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर विचार, का? थंड इंजिन सुरू होतानाच खरं बोलतं. मागच्या ओळीची गालिचा-पट्टी उचलून ओल आहे का बघ. मागच्या दोन्ही सीटा स्वतः उघड आणि बंद कर, तिथले पट्टे पूर्ण ओढून सोड. बऱ्याच गाड्यांत ती ओळ वर्षानुवर्षं उघडलेलीच नसते. लॉगबुकवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) पत्ता आणि तू जिथे उभी आहेस तो पत्ता एकच आहे ना ते बघ. पंधरा-वीस पौंड देऊन फायनान्स बाकी आहे का आणि कॅट एस, कॅट एन असा अपघाताचा शिक्का आहे का, तेही तपासून घे.

डीलरकडून घेतलीस तर २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स कायद्यानं, गाडीत घेतानाच मोठा दोष होता असं निघालं तर तीस दिवसांत परत करता येते. खासगी माणसाकडून चार-पाचशे स्वस्त पडेल, पण हे कवच नाही.

विश्वासकाका


अश्विनी, मिल्टन कीन्स
बुधवार, दुपारी १:३०

तृप्ती, काकांनी इंजिन सांगितलं, मी सीटा सांगते. तीन पोरांची आई म्हणून एवढा हक्क आहे.

आधी गाडी नको मोजूस, पोरं मोज. बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल तोवर चाइल्ड सीट किंवा बूस्टर (पोराला उंच बसवणारी बैठक) लागतं. शेजारचा नऊ वर्षांचा उंच असेल आणि १३५ च्या वर गेला असेल तर त्याला कायद्यानं बूस्टर लागत नाही. मग मधल्या ओळीतली मधली अरुंद जागा त्याची. सगळं गणित तिथेच सुटतं.

बाळाची सीट मागे तोंड असलेली आणि खाली आधाराचा पाय असलेली आहे का? तो पाय जमिनीवर घट्ट टेकायला हवा. आणि पिकासोसारख्या बऱ्याच गाड्यांत मधल्या ओळीच्या पायाशी जमिनीखाली सामानाचे कप्पे असतात. त्या झाकणावर पाय ठेवायचा नाही, आदळलं तर झाकण आत जातं. गाडीचं पुस्तक आणि सीट बनवणाऱ्याची यादी, दोन्ही बघ. कप्प्यात भरायचा ठोकळा काही कंपन्या देतात.

दुसरं कुणीच सांगत नाही ते. मागच्या ओळीत जायला मधल्या ओळीतली कडेची सीट पुढे सरकवायची असते. तिच्यावर आयसोफिक्सनं सीट घट्ट बसवलेली असेल तर ती नीट सरकत नाही. म्हणजे मागच्या दोघांना डिकीतून चढवायचं. मी केलंय, पावसात, शाळेच्या फाटकासमोर, मागे हॉर्न वाजत असताना. म्हणून बाळ ड्रायव्हरच्या मागे पक्कं बसव, आणि फुटपाथच्या बाजूची, म्हणजे मधल्या ओळीतली डावी जागा पाच वर्षांच्याला दे. त्याचं बूस्टर नुसतं पट्ट्यानं बसणारं ठेव. उचललं, सीट सरकवली, मोठे मागे गेले, बूस्टर परत ठेवलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

गाडी बघायला जाताना सगळ्या चाइल्ड सीटा आणि बाबागाडी घेऊनच जा. सात जण बसले की डिकीत चार दप्तरं मावतात, बाबागाडी मावत नाही. विकणारा कंटाळेल. कंटाळू दे.

आणि पडद्यासारखी एअरबॅग मागच्या ओळीपर्यंत पोचते का, हेही विचार. सगळ्यांत पोचत नाही.

अश्विनी


निखिल, रेडिंग
बुधवार, रात्री ९:२०

जरा उलटा सूर लावतो. आठवड्यातून एक दिवस सात जण, बाकी सहा दिवस तुम्ही पाच. एका रविवारासाठी वर्षभर मोठी गाडी, मोठा विमा, मोठा रोड टॅक्स? एप्रिल २०१७ आधीच्या गाड्यांचा टॅक्स धुरातल्या सीओटूवर (कार्बन डायऑक्साइडवर) ठरतो, जुन्या मोठ्या पेट्रोल ऑटोमॅटिकचा चांगलाच बसतो. शाळेला येणारं आणखी एखादं कुटुंब गाठून पाळी लावा. सासूबाईंच्या सहलींना भाड्यानं गाडी घ्या. सात सीटर घेतली की गावभरची पोरं तुमच्याच गाडीत, सांगून ठेवतो.

निखिल


विश्वासकाका, हॅरो
गुरुवार, सकाळी ६:१०

निखिलचा मुद्दा रास्त आहे, पण तिच्याकडे रविवारचाच प्रश्न नाही. एक बाळाची सीट आणि दोन बूस्टर साध्या हॅचबॅकच्या मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसवून दाखव. आमच्या सांगलीकडच्या वडापात बसेल, इथे नाही बसत. टॅक्स मात्र घेण्याआधी नंबर टाकून बघच, तृप्ती. आणि आधीच्या मालकाचा टॅक्स तुला चालत नाही, गाडी घरी आणण्याआधी तुझ्या नावानं भरायचा.


तृप्ती, स्लाव
शनिवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. पोरं मोजली. शेजारचा अथर्व १३७ निघाला, त्याला स्वतःला भलताच अभिमान वाटला.

आज दोन गाड्या पाहिल्या. प्रियस प्लसच्या एमओटी खरंच वर्षाला दोन होत्या. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, मालक फार काळजीवाहू होता. दुसरी २०१३ ची व्हर्सो १.८, ऑटोमॅटिक, ८१ हजार मैल, एका आजी-आजोबांची. तिसरी ओळ उघडली तर त्यात प्लॅस्टिकचं आवरण जसंच्या तसं. अश्विनी, तू सांगितलंस तशा सीटा लावून पाहिल्या, मधला जरा दाटीनं बसतो, पण पट्ट्याचं बक्कल हाताला लागतं. आजोबांनी बाबागाडीची डिकीत कोंबाकोंबी बघून स्वतःहून शंभर कमी केले. ५,४०० ला ठरलं, सोमवारी पैसे.

एकच प्रश्न. शेजारीण पेट्रोलचे पैसे देऊ म्हणते. घेतले तर विम्याला अडचण येते का? गाडी भाड्यानं चालवतेय असं होईल का?

तृप्ती


मंदार, क्रॉयडन
शनिवार, रात्री ९:३०

नाही होत. खर्चातला वाटा घेतला तर विमा कंपन्या त्याला भाडं धरत नाहीत. अटी एवढ्याच: गाडी आठपेक्षा जास्त प्रवाशांसाठी बनवलेली नको, तो धंदा नको आणि एकूण हिशोबात नफा नको. तरी पॉलिसी घेताना एकदा विचारून घ्या. आणि चौदा वर्षांखालच्या सगळ्यांनी पट्टे लावलेत की नाही ही जबाबदारी चालवणाऱ्याची, पोरं कुणाचीही असोत.


तृप्ती, स्लाव
मंगळवार, रात्री १०:१५

गाडी आली. टॅक्स भरला, विमा झाला, पुढचे दोन टायर बदलायचे आहेत (काकांचे पाचशे!). निखिल, तुमचा अंदाज खरा ठरतोय, कालपासून आणखी दोन आयांचे फोन आले.

आमची जुनी २०११ ची होंडा जॅझ विकायची आहे. पेट्रोल, मॅन्युअल, यूलेझला चालते, एमओटी मार्चपर्यंत. डाव्या दाराला मोठ्याच्या सायकलचा ओरखडा आहे. मंडळातल्या कुणाला हवी असेल तर जाहिरात टाकण्याआधी कळवा, शुक्रवारपर्यंत थांबते.

तृप्ती