तीनशेची पक्कड की तीन हजारांची?

गिरगावकर_गल्लीतला

भाच्याने कांजूरमार्गला घर घेतलं. वास्तुशांत झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने मला हत्यारांची यादी पाठवली. जर्मन पक्कड, जर्मन स्क्रू ड्रायव्हरचा सेट, अमेरिकन नावाचा मेझर टेप, पान्यांची पेटी. बेरीज साडेचौदा हजार. म्हटलं, अरे, घर घेतलंस की गॅरेज?

शनिवारी त्याला मशीद बंदरला उतरवलं, नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारात नेलं आणि पावणेतीन हजारांत पिशवी भरून दिली. टपारियाची आठ इंची पक्कड, त्यांचाच ६-७ पासून २०-२२ मिलिमीटरपर्यंतचा आठ पान्यांचा सेट, दहा इंची स्क्रू पाना, चार स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, अर्ध्या किलोची हातोडी, हॅकसॉची फ्रेम, फ्रीमन्सचा पाच मीटरचा टेप. स्टेशनपर्यंत पिशवी नेताना पठ्ठ्याने दोनदा हात बदलला.

टपारिया म्हणजे काही कुठल्या तरी भट्टीतला माल नव्हे. १९६९ मध्ये स्वीडनच्या कंपनीचं तांत्रिक सहकार्य घेऊन त्यांनी हत्यारं करायला घेतली, कारखाना आपल्या नाशिकचा. मुंबईत दिसेल त्या वायरमनच्या मागच्या खिशातून त्यांची पक्कड डोकावत असते. दिवसाचे दहा तास राबणाऱ्याला जी पुरते, ती माझ्या भाच्याला का पुरू नये? त्याच्या हातून वर्षभरात फार तर पडद्याचा रॉड लागेल आणि नळाचा वायसर बदलला जाईल.

तेव्हा घरगुती वापराला देशी ब्रँड बास, वरचे पैसे हौसेचे. पटत नसेल त्यांनी कारण द्यावं. "हातात घेतल्यावर कळतं" हे कारण धरलं जाणार नाही.

तेलकट_हात

खरं कारण तेच आहे, पण ठीक आहे, दुसरं देतो.

तुमच्या हिशोबात हत्याराची किंमत आहे, त्या हत्याराने वाट लावलेल्या वस्तूची नाही. माझ्याकडे जुनी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आहे. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचे चार स्क्रू काढायला एका स्वस्त सेटमधला स्टार, म्हणजे फुलीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, लावला (ब्रँड सांगत नाही, भांडणं नकोत). दोन निघाले, तिसऱ्याची फुली गोल. मग वाटी घेऊन लेथवाल्याकडे. त्याने स्क्रू ड्रिल करून काढला, आटे पुन्हा पाडले, साडेचारशे रुपये घेतले. रविवार गेला तो वेगळा. स्क्रू ड्रायव्हर होता साठ रुपयांचा.

आणि पक्कड म्हणाल तर क्निपेक्सची कोब्रा बघा. वुपरटालची कंपनी, १८८२ पासूनची, आणि धंदा एकच: पकडी. कोब्रा पाइपाला लावून ओढली की दात आपणहून चावा घेतात, हँडल आवळून धरावं लागत नाही. बटण दाबून जबडा हवा तेवढा उघडायचा. वॉशबेसिनखाली मान वाकडी करून, तोंडात टॉर्च धरून एका हाताने नट सोडवायचा असतो ना, तेव्हा तीन हजार कुठे गेले ते समजतं.

गिरगावकर_गल्लीतला

स्क्रूची गोष्ट तुमच्यावरच उलटते. जपानी घराण्याच्या गाड्यांना जपानी मापाची फुली असते. दिसते फिलिप्ससारखी, म्हणजे आपल्या नेहमीच्या फुलीसारखी, पण आतला घाट वेगळा. पुष्कळदा डोक्यावर बारीक ठिपका असतो, ती तिची खूण. फिलिप्सचं टोक तिथे तळापर्यंत बसतच नाही, मग ते जर्मनीचं असो की जालंधरचं. चूक मापाची, शिव्या ब्रँडला?

कोब्रा चांगली आहे, मान्य. बेसिनखाली मी वर्षातून दोनदा जातो. दहा वर्षांच्या वीस खेपा धरल्या तर खेपेला दीडशे रुपये. त्यात नाक्यावरचा प्लंबर हसत येतो.

तेलकट_हात

नाक्यावरचा प्लंबर दीडशेत येतो? गिरगाव अजून १९९५ मध्ये आहे वाटतं. पत्ता द्या.

मापाचं अर्धं खरं. पण फिलिप्सच्या फुलीच्या भिंती मुळात उतरत्या असतात. जोर वाढला की टोक त्या उतारावरून वर चढून बाहेर येतं. टोक अचूक घासलेलं असेल आणि पोलाद कडक असेल तर ते उशिरा चढतं; मऊ असेल तर चढता चढता स्वतःच झिजतं, आणि ते झिजलेलं टोक पुढच्या प्रत्येक स्क्रूला खातं. फर्निचरचा स्क्रू असेल तर त्यात आणखी एक भानगड, फुलीच्या मध्ये तिरक्या चार बारीक रेघा. तो पोझीड्राइव्ह. त्यालाही आपण सगळे स्टारच लावतो आणि मग सुताराला शिव्या घालतो.

गिरणीतला_पाना

वडील लालबागच्या एका गिरणीत फिटर होते. १९८२ च्या संपात घरी बसले, ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. घरात राहिली त्यांची हत्यारांची पेटी. तिच्यातले निम्मे पाने आज कुठल्याही नटाला बसत नाहीत, कारण ते व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचे. गिरण्यांची जुनी यंत्रं लँकेशायरहून आलेली, आटे इंचांतले, आणि पान्यावर कोरलेला आकडा बोल्टच्या जाडीचा, पान्याच्या तोंडाचा नव्हे. अर्धा इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड जवळजवळ इंचभर. लहानपणी मला वाटायचं, बाबांना मोजता येत नाही.

ते म्हणायचे, पाना तुटला तर बरं, फाकला तर वाईट. तुटलेला आपण टाकतो. फाकलेला वापरत राहतो आणि तो नटाचे कोपरे खात राहतो. पाना फाकतो तो पोलादाला नीट पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं, नसतं म्हणून. डब्यावर "क्रोम व्हॅनेडियम" (चांगल्या पोलादाचं नाव) छापलंय याला अर्थ नाही. आज दीडशे रुपयांच्या सेटवरही ते छापलेलं असतं. शाई स्वस्त असते.

म्हणून ब्रँडच्या आधी वस्तू बघा. पक्कड मिटून उजेडासमोर धरा, कापायच्या धारांमधून फट दिसली तर खाली ठेवा. दोन्ही दांडे धरून आडवी हलवा, रिव्हेटला खुळखुळ नको. दुकानदाराकडून कागदाचा कपटा मागून कापून बघा. पान्याचं तोंड आतून बघा, तिथे क्रोमचे फुगे आणि गुठळ्या असतील तर नटावर बसताना माप चुकणारच. घरी आणल्यावर जुनी कानस पकडीच्या धारेवर हलकेच फिरवा. सरकली पाहिजे. चावली तर धार मऊ. (कानस रत्नागिरीची जेके असली तर उत्तम, हे कोकणी माणसाचं पक्षपाती मत समजा.)

आणि वाद फक्त नव्या देशी विरुद्ध नव्या जर्मन असा का? चोर बाजारात अजून गेडोर छापाचे जुने पाने मिळतात. गेडोर हे मूळ जर्मन नाव, रेमशाइडच्या दोवीदात बंधूंच्या आद्याक्षरांचं, पण त्या नावाने भारतातही पाने बनत होते. चाळीस वर्षं वापरून तोंड फाकलं नसेल तर परीक्षा आधीच झालेली आहे. किलोवारी मिळाला तर आणखी काय पाहिजे?

वायरमन_विक्रोळी

मी तो दहा तासवाला. एकवीस वर्षं साइटवर.

तीन हजारांची पक्कड मी घेणार नाही. वाईट असते म्हणून नाही. साइटवर पक्कड तुटून जात नाही, चालत जाते. जेवायला बसलो, परत आलो, पक्कड गायब. चार दिवसांनी पीओपीवाल्याच्या हातात दिसते आणि तो शपथ घेतो की ती त्याच्या सासऱ्याची आहे. म्हणून लोहार चाळीतून एकदम तीन घेऊन ठेवतो, दांड्याला निळी टेप गुंडाळतो.

पण गिरगावकर साहेब, माझ्या खिशातली पक्कड बघून भाच्याला वीज शिकवू नका. दांड्यावर प्लास्टिक चढवलं म्हणजे शॉक लागत नाही, असा लोकांचा समज असतो. खरोखर इन्सुलेटेड हत्यारावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असं असतं. त्या खुणेचा प्रत्येक नग १०,००० व्होल्टला तपासून बाहेर पडतो. घरात २३० असतात, मग हजार कशाला, असं विचारू नका, मरायला २३० पुष्कळ आहेत. आम्ही एमसीबी (वीज तोडायचा बोर्डातला स्विच) पाडून काम करतो आणि तरी टेस्टर लावतो. भाचा एमसीबी कुठली ते शोधायला आळस करणार, ठाऊक आहे मला. त्याला महागडं काही द्यायचं असेल तर ते एक हत्यार द्या.

गिरगावकर_गल्लीतला

हे मी त्याला सांगितलं नव्हतं. आजच फोन करतो.

स्वयंपाकघराबाहेर

इतके सगळे बोललात, कोणी हाताचं माप विचारलं का? आठ इंची पक्कड उघडली की माझी बोटं दुसऱ्या दांड्यापर्यंत पोचत नाहीत. आमच्या घरात हत्यारं मी वापरते. नवऱ्याचं योगदान टॉर्च धरण्यापुरतं, तोही चुकीच्या जागी. पंधरा वर्षं वाटत होतं की माझ्यातच जोर नाही. मग सहा इंची घेतली, देशीच, आणि सगळं सुरळीत झालं.

भाच्याच्या बायकोला विचारलंत का, की मामांनी ठरवलं आणि संपलं?

आणखी एक. त्या सेहेचाळीस तुकड्यांच्या पेट्या भेट द्यायचं बंद करा. माझ्याकडे तीन आहेत. प्रत्येकीतलं दहाचं सॉकेट हरवलेलं आणि बाकीचे पंचेचाळीस तुकडे कोरे करकरीत.

तेलकट_हात

ताई, दहाचं हरवतं कारण सहा एमएमच्या बोल्टचं डोकं दहाचं, आणि तो बोल्ट सगळीकडे असतो. बाकी कशाला हात लागतच नाही. आठच्या बोल्टला तेरा, झालं, संसार संपला.

वर्सोव्याची_खारी_हवा

महागड्या बाजूचा आहे, तरी घरचा आहेर देतो. काळ्या फिनिशच्या परदेशी पकडींवर क्रोम नसतो, नुसता काळा थर आणि तेल. युरोपात शोभतं. आमच्याकडे समुद्र खिडकीत. जूनमध्ये कपाटात ठेवलेली पक्कड गणपतीला काढली तर सांध्यात तांबूस पूड आणि जबडा हलेना. शेजारच्या क्रोमवाल्या देशी पान्यांना काही झालेलं नव्हतं. आता पावसाळ्याआधी सगळ्यांना शिलाई मशीनचं तेल पुसतो आणि जुन्या बनियनमध्ये गुंडाळतो. कोब्रा घेणाऱ्यांनी क्रोमवाली निघते ती घ्यावी.

हिशोबी_दादरकर

आयुष्यभराच्या वॉरंटीबद्दल कोणी बोलत नाही, जास्त पैसे देणारे बरेच जण त्यासाठीच देतात. मी एक रॅचेट, म्हणजे सॉकेट फिरवायचा दांडा (नाव नको), वॉरंटीत बदलायला गेलो. बिल पाहिजे. बिल थर्मल कागदाचं, दोन वर्षांत पांढरंफटक. दुकानदार म्हणाला, कंपनीला मेल करा. कंपनी म्हणाली, दुकानदाराला भेटा. बिलाचा फोटो काढून ठेवणार असाल तरच वॉरंटी किमतीत धरा.

आणि ऑनलाइन घेताना नकली मालाचं बघा. टपारिया असो की स्टॅन्ले, जे खपतं त्याचीच नक्कल होते. नक्षी हुबेहूब असते, मग कागदाच्या कपट्याला कळतं.

गिरगावकर_गल्लीतला

भाच्याशी बोललो. सूनबाई मागून म्हणाल्या की आठ इंची पक्कड त्यांनी कालच उचलून ठेवली, "जड आहे." म्हणजे ताईंचा मुद्दा घरातच सिद्ध झाला.

तेव्हा माझ्या यादीत दुरुस्ती: सहा इंची पक्कड, आणि दुहेरी त्रिकोणाचा एक स्क्रू ड्रायव्हर, तो महाग असला तरी. पाने, हातोडी, टेप आहेत तेच राहतील. कोब्राला अजूनही नकार. बिलाचे फोटो काढून झाले.

रविवारी नागदेवीला जातोय. तो त्रिकोणवाला तिथे मिळेल का?

वायरमन_विक्रोळी

रविवारी बंद असतं साहेब. शनिवारी दुपारच्या आत जा. आणि विजेची हत्यारं नागदेवीपेक्षा लोहार चाळीत बघा, खूण दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

तेलकट_हात

जाताच आहात तर एखाद्या दुकानात कोब्रा मागून बघा. घ्यायची नाही. नुसती हातात धरायची.