2023 ला थांबणारा आलेख
वाहतुकीतल्या कार्बन उत्सर्जनाच्या 1990 ते 2023 च्या आलेखावरून "उत्सर्जन कमी करणं स्वीडनला जमलं, जर्मनीला नाही" असा निष्कर्ष तुम्ही काढलाय, तो मला अर्धाच पटला. जर्मनीचं घोडं अडलं हे खरंच. वाहतुकीचं उत्सर्जन 1990 मध्ये सुमारे 16 कोटी टन, 2019 मध्येही जवळपास तेवढंच! इंजिनं सुधारली, पण गाड्या वजनदार झाल्या, ट्रकांची मालवाहतूक वाढली, आणि कमावलेलं सगळं तिथेच गेलं.

स्वीडनची घट मात्र बरीचशी गाडीच्या टाकीतली, म्हणजे इंधन बदलल्यामुळे आलेली आहे. 2018 पासून तिथे पेट्रोल-डिझेलमध्ये जैवइंधन (वनस्पती तेल, चरबी वगैरेंपासून केलेलं इंधन) मिसळायची सक्ती आली. डिझेलसाठी उत्सर्जनकपातीचं लक्ष्य वाढत वाढत 30.5 टक्क्यांवर पोचलं. गंमत अशी, की जैवइंधनाच्या धुरातला कार्बन वाहतुकीच्या हिशेबात शून्य धरतात, आणि त्याचा कच्चा माल बराचसा बाहेरून येतो. पंपावरच्या भावावरून ओरड झाली, 1 जानेवारी 2024 पासून सरकारने ते लक्ष्य 6 टक्क्यांवर आणलं, आणि त्याच वर्षी उत्सर्जन पुन्हा वर गेलं.

2024 चा आकडा घालून हाच आलेख पुन्हा टाकाल का?